टीबीची लाल गोळी म्हणजे रिफाम्पिसिन : सहा महिने नीट आणि सुरक्षित कशी घ्यायची

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की पहिल्याच दिवशी लघवी लाल-केशरी होते, आणि हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो, रक्तच जातंय असं समजतो आणि दुसऱ्या दिवशी गोळी घेतच नाही. मी आमच्या भागात बरीच वर्षं टीबी पेशंटची ट्रीटमेंट सपोर्टर आहे, म्हणजे पेशंट गोळ्या नीट घेतोय ना याकडे लक्ष ठेवायचं, ज्याला लोक अजून 'डॉट्सवाली ताई' म्हणतात ते काम, आणि माझ्यासमोर जे कोर्स अर्धवट सुटले त्यातले बरेचसे अशाच कारणांनी सुटले, कुणाला लघवीचा रंग बघून भीती वाटली, कुणाला मळमळ झाली आणि काय करायचं ते माहीत नव्हतं, कुणाला दोन महिन्यांत इतकं बरं वाटलं की आता कशाला असं झालं. म्हणून जे पेशंटला समोर बसवून सांगते ते सगळं इथे लिहितेय. डॉक्टरांच्या जागी हे वाचू नका, डॉक्टरांनी सांगितलेलं नीट पार पाडायला मदत म्हणून वाचा.

साध्या टीबीसाठी, म्हणजे जिथे जंतू औषधांना दाद देतात तिथे, चार औषधं असतात. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाईड आणि इथॅम्ब्युटॉल. पहिले दोन महिने चारही, मग पुढचे चार महिने पायराझिनामाईड सोडून बाकी तीन. सरकारी दवाखान्यात ही सगळी एकाच गोळीत एकत्र येतात, आणि लाल रंग येतो तो रिफाम्पिसिनमुळे. प्रायव्हेटमध्ये कोणी डॉक्टर 'एकेटी चालू करू' म्हणाले तर तेही हेच.

आधी हे समजून घ्या की सहा महिने का

रिफाम्पिसिन यायच्या आधी टीबीचे उपचार दीड-दोन वर्षं चालायचे, इंजेक्शनं घेऊन घेऊन माणूस कंटाळून जायचा. १९५७ साली इटलीत मिलानच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मातीतल्या जंतूपासून या जातीचं औषध सापडलं, त्यात सुधारणा करून साठच्या दशकात रिफाम्पिसिन तयार झालं, आणि नंतर त्याला पायराझिनामाईडची जोड मिळाल्यावर कोर्स सहा महिन्यांवर आला. याचं कारण असं की टीबीचे सगळे जंतू एकसारखे वागत नाहीत. जे भराभर वाढतायत ते पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या संख्येने मरतात, म्हणून ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढायला लागतं. पण थोडे जंतू जवळपास झोपलेले असतात, अधूनमधून जरासे जागे होतात, आणि त्या जागं होण्याच्या वेळेला त्यांना गाठणारं मुख्य औषध रिफाम्पिसिनच आहे. ते कधी जागे होतील ते आपल्याला कळत नाही म्हणून औषध रोज अंगात असावं लागतं. बरं वाटणं आणि बरं होणं यात चार-साडेचार महिन्यांचं अंतर आहे, हे पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलं पाहिजे, नुसत्या पेशंटच्या नाही.

आणि हे एकटं औषध कधीच घ्यायचं नाही. नुसतं रिफाम्पिसिन घेतलं तर त्याला न जुमानणारे थोडे जंतू मागे उरतात आणि तेच वाढतात. म्हणून मेडिकलमधून सुटी पट्टी आणून 'हीच मेन गोळी आहे ना' म्हणत घेणं हा प्रकार कृपा करून करू नका.

पायरी १ : रिपोर्टवरची एक ओळ बघा

थुंकीचा, बडक्याचा किंवा गाठीतल्या पाण्याचा नमुना सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर तपासला गेला का, हे विचारा. (ट्रूनॅट बनवणारी कंपनी आपल्या गोव्यातली आहे, २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनेही या टेस्टला मान्यता दिली.) या टेस्टमध्ये जंतू आहे की नाही एवढंच कळत नाही तर तो रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही तेही काही तासांत कळतं. रिपोर्टवर 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड' असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. 'डिटेक्टेड' असेल तर औषधंच वेगळी असतात, कोर्सची लांबी वेगळी, साइड इफेक्ट वेगळे, तेव्हा तिथे शेजाऱ्याच्या सहा महिन्यांच्या कोर्सशी तुलनाच करू नका.

प्रत्येक वेळी नमुना मिळतोच असं नाही, मणक्याच्या किंवा लहान मुलांच्या टीबीत अवघड जातं, पण प्रश्न विचारायला काही हरकत नाही. सरकारी यंत्रणेत ही टेस्ट फुकट होते, प्रायव्हेट डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही. आणि निक्षय आयडी, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीतला तुमचा नंबर, मागून घ्या, तो मोबाईलमध्ये सेव्ह करा, पुढे लागणार आहे.

पायरी २ : डॉक्टरांना आधी चालू असलेली सगळी औषधं सांगा

माझ्या मते या सगळ्या लेखात सर्वात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि हिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. रिफाम्पिसिन लिव्हरला जोरात कामाला लावतं. लिव्हर मग बाकीची कितीतरी औषधं नेहमीपेक्षा लवकर शरीरातून बाहेर टाकतं, म्हणजे गोळी तुम्ही वेळेवर घेताय पण तिचा परिणाम अर्धामुर्धाच होतोय. टीबीचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, हार्टचे तिसऱ्याच गावात, आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नाही, असं बहुतेक घरांत असतं. तेव्हा घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरा आणि ती पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. तोंडी सांगताना हमखास काहीतरी राहतं.

कोणत्या गोळ्यांची खास आठवण ठेवायची ते सांगते.

गर्भनिरोधक गोळ्या. रिफाम्पिसिन चालू असताना त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही, अजिबात नाही. 'इमर्जन्सी' म्हणून मिळणाऱ्या गोळीचंही तेच. कॉपर-टी किंवा कंडोम हा पर्याय, आणि कोर्स संपल्यावरही साधारण महिनाभर हीच काळजी. हे बायका लाजेने विचारत नाहीत आणि घाईत समोरूनही सांगितलं जात नाही, म्हणून मी पहिल्या भेटीतच सांगते, सासूबाई बरोबर असतील तर बाजूला घेऊन सांगते.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, म्हणजे वॉरफरिन किंवा आता नवीन आलेल्या. हृदयाची झडप बदललेल्या माणसाला हे फार नाजूक असतं, कारण रक्त पुरेसं पातळ राहिलं नाही तर गुठळी होऊ शकते. आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी, तपासणी जास्त वेळा करावी लागते.

शुगर. डायबेटिसच्या काही गोळ्यांचा जोर रिफाम्पिसिनमुळे कमी होतो, शिवाय टीबीनेही शुगर वाढते, त्यामुळे 'इतकी वर्षं कंट्रोलमध्ये होती आणि आता का वाढली' असा प्रश्न पडतो. घाबरू नका, पण शुगर जास्त वेळा तपासा, काही जणांना कोर्सपुरतं इन्सुलिन लागतं.

एचआयव्हीची औषधं. यातलं डोलुटेग्रेविर रिफाम्पिसिनबरोबर दिवसातून दोनदा द्यावं लागतं, एरवी एकदाच असतं. एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राला, टीबीचं औषध सुरू झालंय हे कळलंच पाहिजे, त्याच आठवड्यात.

फिट्सची गोळी, थायरॉईडची, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, कोलेस्टेरॉलची, दम्याला किंवा सांधेदुखीला चालू असलेलं स्टिरॉईड, बुरशीची औषधं, किडनी बदललेल्यांची औषधं, ही सगळी त्याच यादीत. यातली कुठलीही गोळी स्वतः बंद करायची नाही, स्वतः वाढवायचीही नाही, फक्त सांगायची.

त्याशिवाय आधी कधी कावीळ झाली होती का, दारू किती आणि किती दिवसांची, हिपॅटायटिस आहे का, किडनीचा त्रास, गाऊट, नजर कमी असणं, गरोदरपण, हेही सांगा. दारूचं खरं सांगा, तिथे कुणी तुमची परीक्षा घेत नाही, पण लिव्हरची टेस्ट किती वेळा करायची ते त्यावरून ठरतं. गरोदर बाईला ही औषधं चालतात, बाळाला अंगावर पाजायलाही चालतं, उलट उपचार न घेणं आई आणि बाळ दोघांनाही जास्त धोक्याचं आहे. दुधाला जराशी केशरी झाक आली तरी पाजणं थांबवू नका.

पायरी ३ : गोळ्या किती, हे वजनावर ठरतं

सरकारी एकत्र गोळीत रिफाम्पिसिन १५० मिलिग्रॅम असतं, आयसोनियाझिड ७५, पायराझिनामाईड ४००, इथॅम्ब्युटॉल २७५. मोठ्या माणसाचं वजन २५ ते ३४ किलो असेल तर रोज २ गोळ्या, ३५ ते ४९ ला ३, ५० ते ६४ ला ४, ६५ ते ७५ ला ५ आणि त्याच्या वर ६. हे तुम्ही स्वतः ठरवायला नाही देत, पण वजन काट्यावर खरंच केलं का की अंदाजे लिहिलं, हे तुम्हाला पडताळता यावं म्हणून देतेय. दर महिन्याला वजन करा. बरं होताना ते वाढतं, आणि चांगलंच वाढून वरच्या गटात गेलं तर गोळ्यांची संख्या बदलायची का ते विचारा. लहान मुलांच्या गोळ्या वेगळ्या, पाण्यात विरघळणाऱ्या येतात, मोठ्यांची गोळी अर्धी तोडून मुलाला द्यायची नाही.

पायरी ४ : अनशापोटी, रोज, सगळ्या एकदम

पोटात जेवण असलं की रिफाम्पिसिन रक्तात कमी उतरतं. म्हणून जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. सगळ्यात सोपं म्हणजे सकाळी उठल्यावर तोंड धुवून ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता तासाभराने. आपल्याकडे डोळे उघडले की चहा लागतो हे माहीत आहे मला, पण दुधाचा चहा आणि बरोबर दोन बिस्किटं म्हणजे पोट रिकामं राहिलं नाही, तेवढा एक तास धरा. चार गोळ्या असतील तर चारही एकाच बैठकीत घ्यायच्या, हवं तर एकेक करून दहा मिनिटांत, पण दोन सकाळी आणि दोन रात्री असं नाही, कारण रक्तात औषधाची पातळी एकदम वर जाणं हेच तर हवंय.

आता ज्यांना सकाळी मळमळतं त्यांच्यासाठी. आधी वेळ बदलून बघा, रात्री जेवून दोन तास झाल्यावर झोपायच्या आधी. तरी होत असेल तर थोडंसं काहीतरी खाऊन घ्या, अर्धं केळं, भाकरीचा तुकडा, दोन चमचे मऊ भात. पोटभर नाही, तेलकट तर नाहीच. नियम म्हणून अनशापोटी बरोबर आहे, पण 'नियम पाळता येत नाही म्हणून गोळीच सोडली' यापेक्षा थोडं खाऊन घेतलेली गोळी हजार पटीने बरी, हे मी अगदी ठामपणे सांगते.

अॅसिडिटीचं गुलाबी औषध किंवा चघळायच्या अॅसिडिटीच्या गोळ्या टीबीच्या गोळीबरोबर घेऊ नका, त्याने औषध शोषलं जात नाही. निदान एक तास तरी जाऊ द्या, आणि अॅसिडिटी रोजचीच असेल तर डॉक्टरांकडून त्यासाठी दुसरी गोळी लिहून घ्या. बी-६ ची छोटी गोळी, पायरिडॉक्सिन, दिली असेल तर ती टॉनिक समजून टाळू नका, आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येतात, तळवे जळतात ते तिने टळतं.

उपवासाचं बरेच जण विचारतात. नवरात्र असो, चातुर्मास असो, पाणी आणि गोळी घेतल्याने उपवास मोडतो असं मानू नका, आणि मुळात टीबीत शरीर झिजलेलं असताना निरंकार उपवास नकोच. रमजानमध्ये ज्यांना रोजे ठेवायचेतच त्यांनी डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवावी, सहरीच्या तासभर आधी उठून किंवा इफ्तारनंतर दोन तासांनी, पण अशक्तपणा असेल तर आजाऱ्याला सूट आहे हे मौलानाही सांगतात.

आणि 'एक दिवसाआड' हे विसरा. पूर्वी सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून तीन वेळा गोळ्या असायच्या, २०१७ पासून देशभर रोजची पद्धत आली. त्याच्या आधी बरे झालेले काका-मामा अजूनही जुनंच सांगतात, त्यांचं मन चांगलं आहे पण सल्ला आता चालत नाही.

गोळ्या पट्टीतच ठेवा, घ्यायच्या वेळीच काढा. ओल आणि उजेड दोन्हीने रिफाम्पिसिन खराब होतं, त्यामुळे मोरीजवळ, गॅसच्या वरच्या फळीवर, खिडकीत नको. पोरांचा हात पोहोचणार नाही अशा कपाटात.

पायरी ५ : पहिले काही आठवडे काय काय दिसतं

लघवी लाल-केशरी, घाम केशरी, थुंकी आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा. हे फक्त औषधाचा रंग बाहेर पडणं आहे, काही अपाय नाही, गोळी घेतल्यावर काही तास जास्त दिसतो मग फिका होतो. पांढरा बनियन, उशीचा अभ्रा यांना डाग पडू शकतात. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर सहा महिने चष्माच लावा, लेन्सला लागलेला रंग जात नाही. लहान बाळाचं औषध चालू असेल तर लंगोट केशरी होणार हे आजीला आधीच सांगून ठेवा.

थोडी मळमळ, पोटात गच्च वाटणं, भूक जरा कमी, अंगाला हलकी खाज, सांधे दुखणं (ते बहुधा पायराझिनामाईडमुळे), हे बऱ्याच जणांना होतं आणि यातल्या प्रत्येकाला उपाय आहे. सहन करत बसू नका आणि सोडूनही देऊ नका, सांगा. दुखतंय म्हणून मेडिकलवरून कॉम्बिनेशनच्या पेनकिलर आणून खाऊ नका, पॅरासिटामॉलसुद्धा विचारून आणि बेताने, कारण लिव्हरवर आधीच काम वाढलेलं असतं.

एक गोष्ट गाठीच्या टीबीवाल्यांना कुणी सांगत नाही. उपचार चालू असताना मानेची गाठ कधीकधी आधी मोठी होते किंवा नवीन एखादी दिसते. औषध लागू पडत नाही असा त्याचा अर्थ लगेच काढू नका, मरणाऱ्या जंतूंवर शरीर जोरात प्रतिक्रिया देतं त्यानेही असं होतं. दाखवायला मात्र जा, कारण वरून बघून दोन्हीतला फरक तुम्हाआम्हाला कळत नाही.

पायरी ६ : या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना

लिव्हर. आयसोनियाझिड, पायराझिनामाईड आणि रिफाम्पिसिन तिन्हींमुळे लिव्हरला सूज येऊ शकते. सगळ्यांना येत नाही, पण दारू पिणारे, वयस्कर, आधी हिपॅटायटिस झालेले, फार अशक्त झालेले यांना जास्त धोका. खुणा अशा : अन्नाचा वाससुद्धा नको वाटणं, सारख्या उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, विनाकारण गळून जाणं, डोळे पिवळे होणं. इथे लघवीच्या रंगाने लोक फसतात कारण ती तर आधीच लाल आहे. म्हणून लघवी बघू नका, आरशासमोर दिवसाच्या उजेडात डोळ्याचा पांढरा भाग बघा. नेहमीच्या डोसने रिफाम्पिसिन डोळ्याचा पांढरा भाग पिवळा करत नाही. तो पिवळा दिसला किंवा उलट्या थांबतच नाहीत तर पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी जाऊन लिव्हरची रक्ततपासणी करा. साधारणपणे लिव्हरचे एन्झाइम नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या पाचपट झाले, किंवा त्रास होत असताना तिप्पट झाले, तर डॉक्टर औषधं थांबवतात, लिव्हर शांत झाल्यावर एकेक करून पुन्हा सुरू करतात. तेव्हा थांबवली म्हणजे कोर्स संपला असं नाही, परत बोलावलेल्या तारखेला जायचंच.

रक्त. अंगावर जांभळे-लाल बारीक ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी एकदम कमी होणं. हे क्वचित होतं, पण रिफाम्पिसिनमुळे प्लेटलेट खाली गेल्या किंवा किडनीवर परिणाम झाला तर ते औषध त्या माणसाला पुन्हा कधीच देत नाहीत. असं झालं असेल तर पुढच्या आयुष्यात प्रत्येक डॉक्टरला सांगायचं, कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

अॅलर्जी. ओठ-चेहरा सुजणं, धाप लागणं, अंगभर चट्टे, तोंडात किंवा डोळ्यांत फोड. इथे वाट बघायची नाही, १०८ ला फोन करा.

नजर. धूसर दिसणं, लाल-हिरव्यातला फरक न कळणं, हे इथॅम्ब्युटॉलचं लक्षण. आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून पेपर वाचून बघायची सवय लावा, दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचलं तर एका डोळ्यातला फरक लक्षात येत नाही.

पायरी ७ : खाडा पडला तर

त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या, पोट रिकामं बघून. दुसऱ्या दिवशी आठवलं तर फक्त त्या दिवसाचाच डोस, दुप्पट कधीच नाही. खाडा लपवू नका, आम्ही रागवायला बसलेलो नाही, राहिलेले डोस शेवटी जोडून पूर्ण करता येतात. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर आपल्या मनाने परत न गिळता फोन करून विचारा.

बरेच दिवस, आठवडे खंड पडला तर मात्र ऐका. जुन्या उरलेल्या पट्ट्या काढून एके दिवशी परत सुरू करायचं नाही. रिफाम्पिसिन सोडून मग पुन्हा धरलं की शरीर कधीकधी त्याला परकं समजून जोरात उलटतं, थंडी वाजून ताप, अंगदुखी, प्लेटलेट घसरणं, किडनी बंद पडण्यापर्यंत जाऊ शकतं. शिवाय मधल्या काळात जंतू औषधाला सरावलेत का तेही परत तपासावं लागतं. औषध रोज घेण्यात जेवढा धोका आहे त्यापेक्षा स्वतःच्या मनाने सोडण्या-धरण्यात जास्त आहे, आणि दवाखान्यात परत जायची लाज वाटते म्हणून लोक नेमकं हेच करतात. खंड पडलाय तर तसेच जा, रिकाम्या हाताने जा, पण जा.

आठवणीसाठी मोबाईलचा अलार्म आहेच, पण मला कॅलेंडरवर फुली मारणं जास्त चालतं असं दिसलंय, भिंतीवर सगळ्यांना दिसतं आणि घरातलं लहान पोरगंच विचारतं, आज्जी आजची फुली कुठेय.

पायरी ८ : गाव सोडून जायचं असेल

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, वीटभट्टीवर, मुंबई-पुण्याला बांधकामावर जाणारे, वारीला जाणारे, लग्नासाठी महिनाभर माहेरी येणारी मुलगी, या सगळ्यांचा कोर्स प्रवासात तुटतो. निघायच्या आधी आठवडाभर तरी आशाताईंना किंवा टीबी सुपरवायझरला सांगा. थोड्या दिवसांसाठी जादा पट्ट्या मिळतात, जास्त दिवसांसाठी निक्षयवर तुमची नोंद तिकडच्या केंद्राला पाठवता येते, मग दुसऱ्या जिल्ह्यात, अगदी दुसऱ्या राज्यातही सरकारी केंद्रातून औषध मिळू शकतं. काही अडलं तर निक्षय संपर्क हेल्पलाइन १८००-११-६६६६, टोल फ्री आहे. गोळ्या हँडबॅगेत ठेवा, ट्रकवर चढवलेल्या बोचक्यात नको.

खाण्यापिण्याचं थोडक्यात

दारू पूर्ण बंद, 'थोडीशी' पण नाही. लिव्हर साफ करणारे काढे, कुणीतरी दिलेली पावडर, रोजचा गुळवेलीचा काढा हेही बंद ठेवा. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये लिव्हरला सूज आलेले पेशंट नोंदवले होते. त्यावर वाद झाला, पण टीबीच्या गोळ्या चालू असताना ती जोखीम घ्यायचं काहीच कारण नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींसाठी खास : बंगडा, कुपा असले मासे ताजे आणि बर्फात ठेवलेले असतील तरच खा, नीट न ठेवलेल्या माशात हिस्टामिन वाढतं, ते आयसोनियाझिडमुळे शरीरातून लवकर जात नाही आणि मग चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, छाती धडधडणं असं होतं. बाकी डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध, उसळी, मटण, परवडेल ते भरपूर खा. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते, त्यासाठी बँकेची माहिती पहिल्याच आठवड्यात द्या, नाहीतर पैसे येईपर्यंत कोर्स संपत येतो.

ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. टीबी भांड्यांतून पसरत नाही, खोकल्यातून हवेतून पसरतो, आणि लागू पडणारं औषध नीट चालू असलं की दोन-तीन आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो. तोपर्यंत मास्क, उघड्या खिडक्या. घरातल्या बाकीच्यांची, लहान मुलांची विशेष करून, तपासणी करून घ्या, त्यांना आजार नसला तरी प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात.

दोन महिन्यांनी आणि शेवटी

फुप्फुसाच्या टीबीत दोन महिने झाले की थुंकी परत तपासतात, मग गोळ्यांचा प्रकार बदलतो. या बदलाच्या वेळीच बरेच जण 'झालं ना आता' म्हणून गळतात. अशा वेळी घरच्यांनी जवळ राहायचं. तपासणीत जंतू दिसले तर डॉक्टर पुन्हा रेझिस्टन्स बघतात. शेवटचा डोस कधी ते डॉक्टर सांगतील, स्वतः महिने मोजून थांबू नका, मेंदूचा किंवा हाडाचा टीबी असेल तर कोर्स सहा महिन्यांपेक्षा लांब असतो.

कोर्स संपल्यावर एक काम उरतं आणि ते फार थोडे लोक करतात. रिफाम्पिसिन बंद झालं की लिव्हरचा तो वाढलेला वेग साधारण दोन आठवड्यांत उतरतो. म्हणजे कोर्सच्या काळात ज्या गोळ्यांचा डोस वाढवला होता, वॉरफरिन, शुगरची, थायरॉईडची, त्या आता अंगात जास्त साठायला लागतात. वॉरफरिनवाल्यांना रक्तस्राव होऊ शकतो, शुगर एकदम खाली येऊ शकते. तेव्हा शेवटच्या गोळीच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा तीच औषधांची पिशवी उचला, त्या त्या डॉक्टरांकडे जा आणि सांगा की अमुक तारखेला टीबीचं औषध थांबतंय. मग दोन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावतात, ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी, त्या चारही तारखा त्याच दिवशी फाईलवर लिहून घ्या.